बॉल पायथनच्या तोंडाची जखम: पावसाळी नोंद, दिवस १ ते ३१

दिवस १. रत्नागिरी, जुलै. मादी बॉल पायथन (पाळला जाणारा लहान आफ्रिकी अजगर), वजन १,१४० ग्रॅम. नाकाच्या टोकावर गव्हाच्या दाण्याएवढं खरचटलंय. कारण समोरच आहे: रात्रभर जाळीच्या झाकणाला नाक घासणं. पण बाहेरचा डाग पाहून थांबू नका, तोंड उघडून बघाच. एकाने अंगाला आधार द्यायचा. दुसऱ्याने डोक्यामागे तीन बोटांनी हलकं धरून जुन्या प्लॅस्टिक कार्डाची गुळगुळीत कड समोरून ओठांमध्ये सरकवायची. चमचा किंवा आइस्क्रीमची काडी नको, त्याने दात तुटतात आणि हिरडी सोलवटते.

निरोगी तोंड आतून फिकट गुलाबी असतं, लाळ पाण्यासारखी. इथे उजव्या वरच्या हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे पाच-सहा लाल ठिपके, आणि ओठ-हिरडीच्या खाचेत काथ्याचा ८ मिलिमीटरचा धागा रुतलेला. आपल्याकडे नारळाचा भुसा मुबलक, म्हणून सगळेच तो अंथरतात. अंथरा, पण बारीक चाळून, आणि खाणं मात्र त्यावर टाकू नका. ओल्या उंदराला चिकटून धागे थेट तोंडात जातात.

टँकमध्ये उबेच्या बाजूला २७ अंश (असायला हवेत ३१-३२), आर्द्रता ८८ टक्के. रात्री वीज गेली की हीट मॅट थंड. साप गारठला की त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि साधं खरचटणंही चिघळतं. म्हणून औषधाआधी टँक दुरुस्त केला. मॅट आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर, पाण्याचं भांडं लहान, भुशाऐवजी वर्तमानपत्र, जाळीऐवजी भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची शीट, आणि अंग चेपून बसता येईल अशा दोन लपणी. दुसऱ्या दिवशी आर्द्रता ६६.

धागा सलाईनने भिजवून बोथट चिमट्याने काढला. मग १० टक्के पोव्हिडोन आयोडीन १ मिली, सलाईन ९ मिली. रंग पातळ कोऱ्या चहासारखा. इअरबड ओला हवा, ठिबकता नको, आणि डोकं किंचित खाली. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या म्यानाच्या लगेच मागे असतं, तिथे थेंब गेला तर न्यूमोनियाची भीती. मिनिटभराने सलाईनचा बोळा फिरवायचा. दिवसातून दोनदा, द्रावण रोज ताजं. ‘स्क्रब’ लिहिलेली आयोडीनची बाटली घेऊ नका, त्यात साबण असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्टेरॉइडचं मलम, हळद-खोबरेल यांतलं काहीही तोंडात नको.

दिवस ४. ठिपके तसेच, वर पिवळट पांढरा थर. सापाचा पू वाहत नाही, घट्ट असतो: दही टांगून ठेवल्यावर फडक्यात उरतो तसा चक्का. तो खरवडायचा नाही. खाली लगेच जबड्याचं हाड आहे, संसर्ग तिथे पोहोचला तर महिनोन्महिने निस्तरत बसावं लागतं. घरगुती उपाय इथे संपतात. त्याच दिवशी आंबा घाटातून कोल्हापूरला डॉक्टरांकडे. सुती उशीचा अभ्रा, थर्माकोलचा खोका, पंच्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीची प्रत. (हे फक्त नोंदणी केलेल्या परदेशी सापांसाठी. जाळ्यात अडकून तोंड फाटलेली धामण सापडली तर ती वनविभागाकडे द्यायची, हेल्पलाइन १९२६. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरी ठेवता येत नाही, उपचारापुरताही.)

डॉक्टरांनी आधी तपासणीसाठी जखमेचा स्वॅब (बोळ्यावर नमुना) घेतला, मग सेफ्टाझिडाइम हे अँटिबायोटिक: किलोला २० मिलिग्रॅम, दर ७२ तासांनी, म्हणजे या मादीला साधारण २३ मिलिग्रॅम. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या एक-तृतीयांश भागातल्या स्नायूत, बाजू आलटून पालटून. मिसळलेलं औषध फार टिकत नाही, म्हणून एकेक डोस सिरिंजमध्ये भरून फ्रीझरमध्ये; वितळवायचा तो हाताच्या उबेने. हा हिशेब डॉक्टरांचा. अंदाजाने अँटिबायोटिक देऊन नुसते जंतू निर्ढावतात.

दिवस ९. चक्का आपोआप इअरबडला चिकटून निघाला. खाली गुलाबी, रक्त नाही.

दिवस १६. पाचवा, शेवटचा डोस. ठिपके तपकिरी, दोन उरलेत. वजन १,११८. तीन आठवडे उपाशी राहिल्याने धडधाकट बॉल पायथनचं काही बिघडत नाही. घट १० टक्क्यांच्या आत आहे ना, एवढं बघायचं.

दिवस २४. पहिलं खाणं: ४५ ग्रॅमचा वितळवलेला, कोमट केलेला उंदीर, नेहमीच्या निम्म्याहून लहान. पुठ्ठ्यावर ठेवून दिला. चिमट्याने नाचवला असता तर झडप स्टीलवर बसून जखम पुन्हा उघडली असती. गिळायला अकरा मिनिटं, दोन्ही जबडे सारखे चालले.

दिवस ३१. रात्री कात अखंड निघाली, ओठांवरची कडही. नाकाच्या टोकाचा खवला अजून किंचित चपटा. तोंड सरळ मिटतं, उजवीकडे फट नाही. फट राहिली असती किंवा नाकाशी बुडबुडे दिसले असते, तर पुन्हा घाट. वजन १,१२६. पुढचा उंदीर ६० ग्रॅमचा, दहा दिवसांनी.