आबांचं रक्त वाढत होतं आणि पाय जात होते

केजला एका फिजिशियन डॉक्टरांच्या दवाखान्याखाली माझी लॅब आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेला माणूस मी, डॉक्टर नाही, त्यामुळं हे सगळं लॅबवाल्याच्या बाजूनं लिहितोय, औषध कुणी स्वतःच्या मनानं घेऊ नका. पण ही केस मी येईल त्याला सांगत असतो, म्हणलं एकदा लिहूनच टाकावी.

जानेवारी २०२४, हुरड्याचे दिवस. सकाळी गर्दी होती आणि जिन्यावरनं एका म्हाताऱ्याला पोरगा आणि सून दोन्हीकडून धरून खाली आणायले होते. म्हातारा साठीच्या पुढचा, धनेगावच्या धरणाकडच्या एका गावचा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. आपण त्यांना आबाच म्हणू. माझं लक्ष गेलं ते त्यांच्या नजरेवर, कारण ते प्रत्येक पायरीला पाय कुठं पडतोय ते बघून मगच टाकत होते, आणि एक चप्पल वरच्याच पायरीवर राहिली होती आणि त्याचा आबांना पत्ताच नव्हता. सून मागं जाऊन चप्पल घेऊन आली आणि म्हणाली, हे रोजचंच हाय.

रक्त घेता घेता पोरानं फाईल पुढं केली. फाईल म्हणजे पिशवीच होती. शुगरचे रिपोर्ट, कारण आबांना आठ-दहा वर्षांपासून शुगर, मेटफॉर्मिन चालू. लातूरला काढलेला कमरेचा एमआरआय, त्यावर कुणीतरी सांगितलेलं की मणक्यात गॅप आहे, त्याचा पट्टा, त्याच्या गोळ्या. पायाला मुंग्या येतात म्हणलं की जो तो "शुगरच्या मुंग्या" म्हणून मोकळा होत होता. मधे एका जाणत्याकडंही नेऊन आणलेलं, त्यानं लिंबू-नारळ करून वर पैसे घेतले ते वेगळंच.

सप्टेंबरचा दुसऱ्या लॅबचा एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचा रिपोर्ट, पण होता त्यात. हिमोग्लोबिन ८.४. तेव्हा घरच्यांनी काय केलं, तर सुनेच्या बाळंतपणातल्या सरकारी लाल गोळ्या उरल्या होत्या त्या आबांना चालू केल्या, आणि मेडिकलवाल्यानं त्याच्यासोबत रक्तवाढीचं टॉनिक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. आज माझ्या मशीनवर हिमोग्लोबिन आलं ११.२. पोरगा एकदम खूष. "रक्त तर वाढलंय की हो, मग आबा कामून पडायलेत?"

हा प्रश्न त्यानं मला सहज विचारला होता, पण बरोबर तोच प्रश्न होता.

मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. हिमोग्लोबिन सगळे बघतात, त्याच्या खाली एमसीव्ही म्हणून एक आकडा असतो तो कुणी बघत नाही. लाल पेशीचा सरासरी आकार, ८० ते १०० च्या मधे असावा. सप्टेंबरात तो ११६ होता, आज १०३. म्हणजे पेशी मोठ्या झालेल्या होत्या आणि आता जरा आटोक्यात आल्यात. नुसती लोहाची कमी असती तर पेशी बारीक झाल्या असत्या, इथं उलटं. मी स्लाइड केली, लीशमन नावाच्या रंगानं रंगवली आणि तेल टाकून शंभरच्या लेन्सखाली लावली. पांढऱ्या पेशीतल्या न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे साधारण तीन-चार भाग असतात, पाच क्वचित. इथं पाच-पाचवाल्या बऱ्याच होत्या, शिवाय एक सहावाली सापडली, मग अजून एक. सहावाली दिसली की लॅबवाल्यानं खुर्चीवरनं उठायचं असतं. मी स्लाइड घेऊनच वर गेलो.

डॉक्टरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आधी आबांना परत बोलवून घेतलं. सुनेला विचारलं, नेमकं पडतात कधी? ती बाई हुशार, एवढे दिवस तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, "उजेडात पडत न्हाईत सायेब. रात्री लाईट गेली की पडतात. आन् आंघोळीला डोळ्याला साबण लावला की पडतात." डॉक्टर माझ्याकडं बघून नुसतं हं म्हणाले. मग आबांना पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला लावले, आणि आबा असे काही डोलायला लागले की पोरानं धरलं नसतं तर टेबलावरच गेले असते. मग तो लोखंडी काटा, ट्यूनिंग फोर्क, वाजवून घोट्यावर ठेवला. "थरथर लागती का?" आबा म्हणाले, "कशाची थरथर?" मनगटावर ठेवल्यावर मात्र दचकले. पायाचा अंगठा धरून वर केला का खाली ते डोळे मिटून सांगायचं होतं, आबा प्रत्येक वेळी मोठ्या विश्वासानं "वर" म्हणत होते.

जीभ बघितली तर लालभडक आणि गुळगुळीत. ठेचा सोडून वर्ष झालं म्हणे, तोंड आगतंय. हाताच्या बोटांची पेरं काळी पडलेली, ती त्यांना शेतातल्या उन्हानं वाटत होती.

मग जेवणाचं निघालं आणि इथं खरी गंमत झाली. डॉक्टर म्हणाले, आबा दूध-दुभतं? आबा म्हणाले, "माळकरी हाय सायेब, दूध दही तूप समदं चालतं." डॉक्टर म्हणाले, "चालतं हो, पण पोटात जातं का?" त्यावर आबा गप्प.

पोरानं सांगितलं ते असं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, धनेगावचं हे मांजरा धरण कोरडंठाक, त्या सालीसुद्धा ह्यांनी म्हशी सोडल्या नव्हत्या. २०१९ ला मात्र दम निघाला, म्हशी छावणीत नेल्या, छावणी उठल्यावर घरी न आणता तिथूनच विकल्या. परत घेणं झालं नाही. तेव्हापासून घरात अर्धा लिटर दूध येतं ते नातवापुरतं, आणि विकतचं दूध पावडरीचं असतं म्हणून आबा त्याला हात लावत नाहीत. चहा कोरा. तूप नाही, ताक नाही. भाकरी, तुरीचं वरण, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, मेथी, अंबाडी. ह्यात वाईट काय आहे, उलट शहरातले लोक पैसे मोजून असलं जेवायला जातात. फक्त पाच वर्षांत ह्या माणसाच्या पोटात जनावरापासून आलेला एक थेंब गेला नव्हता. वीगन हा शब्द आबांनी जन्मात ऐकलेला नाही, आणि कट्टर वीगन होऊन बसले होते.

आबांना कमी पडलं होतं ते बी-१२ नावाचं व्हिटॅमिन. ते ना झाड बनवतं ना जनावर, ते बनवतात फक्त बॅक्टेरिया, आणि जनावराच्या मार्फत ते दुधात, अंड्यात, मटणात येतं. लागतं किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे काहीच नाही. कपभर दुधात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. लिव्हरमधे काही मिलिग्रॅमचा साठा असतो तो तीन ते पाच वर्षं पुरतो, म्हणून तर दूध बंद झालं त्या वर्षी काहीच होत नाही, पुढच्या वर्षीही होत नाही, आणि जेव्हा होतं तेव्हा म्हशी विकल्याची आठवणसुद्धा कुणाला येत नाही. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की बी-१२ शोषलं जाण्यात आणखी घट. आबांचा साठा आधीच तळाला असणार.

बरं मग रक्त कसं वाढलं? त्या फॉलिक ॲसिडनं. पेशी तयार होताना डीएनए लागतो, त्याला फॉलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) आणि बी-१२ दोन्ही लागतात, पण फॉलिक भरपूर दिलं तर रक्ताचं काम बी-१२ वाचून बरंचसं निभतं. नसांचं निभत नाही. नसेवर मायलीनचं आवरण असतं, मोटारीच्या वायरीवर असतं तसं, ते टिकायला बी-१२ च लागतं. म्हणून रिपोर्टात हिमोग्लोबिन वर चढतंय, घरचे खूष, आणि तिकडं पाठीच्या कण्यातल्या नसा सोलत चाललेल्या. सप्टेंबरात आबा काठी न घेता रानात जात होते, जानेवारीत त्यांना धरून आणावं लागलं. मला ह्या केसमधलं सगळ्यात भयानक हेच वाटतं, की चांगला आलेला रिपोर्ट वाईट बातमी होती.

फॉलिकची गोष्ट मुळात आपल्याकडचीच बरं का. १९३० च्या आसपास ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होती, तिला दिसलं की यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात. तो अर्कातला पदार्थ म्हणजे फॉलेट, हे नंतर कळलं. त्या बायांना त्याची गरज होती, आबांना दुसऱ्याचीच होती.

बी-१२ चं सॅम्पल मी पुण्याला पाठवलं, आमच्याकडं होत नाही. पण डॉक्टर रिपोर्टची वाट बघत बसले नाहीत, रक्त काढून झाल्यावर लगेच पहिलं इंजेक्शन घ्यायचं ठरलं. आणि आबा अडून बसले. "सुई कशाची हाय आधी सांगा." त्यांच्या चुलत्याला म्हणे पूर्वी कलेजीच्या अर्काची सुई द्यायचे. मला वाटलं काहीतरीच, पण डॉक्टर म्हणाले बरोबर आहे त्यांचं. १९२६ ला अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी ह्या दोघांनी बी-१२ कमी पडून होणाऱ्या पंडुरोगाच्या पेशंटांना रोज कलेजी खायला घालून वाचवलं, त्यावर १९३४ ला नोबेल मिळालं, आणि पुढं कितीतरी वर्षं लिव्हरचा अर्कच टोचायचे. कलेजीतलं बी-१२ वेगळं काढता आलं ते १९४८ ला. आता ते कारखान्यात टाकीत बॅक्टेरिया वाढवून काढतात. डॉक्टरांनी आबांना सांगितलं, "जीव कुणाचा गेला नाही आबा, दही लागतं तसंच हे जंतूंचं काम आहे." तवा कुठं आबांनी बाही वर केली. शेजारचा एक पेशंट मधेच म्हणाला, अंडी चालू करा की. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून बाहेर जाऊन बसला. डॉक्टरही म्हणाले माळ काढायची काही गरज नाही, गोळी-सुईनं भागतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आकडा आला, ९२. दोनशेच्या खाली कमीच धरतात.

पहिल्या आठवड्यात मी पोटॅशियम दोनदा केलं, कारण नवीन पेशी भराभर बनायला लागल्या की रक्तातलं पोटॅशियम कधीकधी उतरतं. आठवड्यानं रेटिक काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींचा आकडा, वर आला. दोनेक आठवड्यांनी सहावाल्या पेशी शोधून सापडेनात. जीभ सुधारली, ठेचा परत सुरू. पायाला मात्र सावकाश फरक. उलट सुरुवातीला मुंग्या वाढल्याच, पोरगा घाबरून फोन करायचा, डॉक्टर सांगायचे होतं असं. उन्हाळ्यात घोट्याला काट्याची थरथर कळायला लागली. अंगठ्याचं अजूनही नीट सांगता येत नाही, आणि जेवढं उशिरा सापडतं तेवढं कमी परत येतं हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दरवर्षी दिंडीसोबत चालत जाणारा माणूस त्या आषाढीला एसटीनं पंढरपूरला गेला, काठी घेऊन.

हे वाचून कुणी शाकाहाराच्या नावानं बोंब मारणार असेल तर थांबा. माझी एक मावसबहीण पुण्याला आयटीत आहे, ती ठरवून वीगन, दुधाचा चहासुद्धा नाही. ती आठवड्याची बी-१२ ची गोळी न चुकता घेते, वर्षाला तपासते, तिचा आकडा माझ्यापेक्षा चांगला येतो. कारण तिला माहितीय की आपण दूध सोडलंय. आबांना माहितीच नव्हतं. आणि ते स्पिरुलिनाच्या डब्या विकणारे येतात ना, त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला उपयोगी पडणारं नसतं, दिसायला तसं असतं एवढंच. आंबवलेल्या पिठाच्या भरवशावरही राहू नका.

आता राहिली ती गोष्ट, जी मला त्या दिवशी सुचली नाही, डॉक्टरांना सुचली. ते म्हणाले, चूल एकच आहे ना, मग सगळ्यांचं रक्त आणा. पोरगा ढाब्यावर अंडाकरी खाणारा, त्याचं ३१०. आबांची मंडळी १३८, त्यांनाही मुंग्या होत्या पण बाईमाणसानं कुठं सांगावं म्हणून गप्प. सून १७०, आणि तिला दुसऱ्या लेकराचा विचार चालू होता. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिकांच्या टीमनं १९९३ पासून जो गरोदर बायांचा अभ्यास केला त्यात साधारण दोन तृतीयांश बायांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि बी-१२ कमी पण फॉलेट जास्त अशा आयांच्या मुलांत पुढं इन्सुलिन नीट लागू न पडण्याचा त्रास जास्त दिसला. सरकारी लाल गोळीत लोह आहे, फॉलिक आहे, बी-१२ नाही. सुनेनं विचारलं, मग ती गोळी बंद करू का? डॉक्टर म्हणाले अजिबात नाही, ती घ्यायचीच, फक्त हे सोबत घ्यायचं.

सध्या आबांना आणि आजीला महिन्याला एक सुई आहे. लक्षात राहावं म्हणून एकादशी धरली, उपास असतोच, केजला यायचं, टोचून घ्यायचं. पण महिन्यात एकादश्या दोन, आणि शुद्ध धरायची का वद्य ह्यावरून माझ्या लॅबच्या बाकड्यावर बसून दोघांचं असं भांडण जुंपलं की शेवटी डॉक्टरच वरनं ओरडले, कुठलीबी धरा पण एकच धरा.