चोवीस सांगाडे, एक स्प्रे आणि आषाढ

ढीग (घरात पडलेल्या, अजून पूर्ण न झालेल्या छोट्या पुतळ्यांचा, म्हणजे मिनींचा): १४३. मागच्या नोंदीतही १४३ च होता, तेव्हा प्रगती काय ते कळलंच असेल.

त्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की चोवीसच्या चोवीस सांगाडे रंगवून झाले, आता फक्त व्हार्निश मारायचं राहिलंय. ‘फक्त’ हा शब्द या छंदात मी पुन्हा वापरणार नाही.

झालं असं. शनिवारी दुपारी ठाण्यात तासभर पाऊस थांबला. ऊन नव्हतं, पण उजेड होता आणि मला तेवढं पुरलं. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवर ब्लू-टॅकने चिकटवलेले सांगाडे बाल्कनीत खोक्यात मांडले. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, व्हार्निशचा स्प्रेचा डबा दहा-बारा वेळा हलवला (हे लक्षात ठेवा, पुढे येतंय) आणि दोन्ही बाजूंनी फवारा मारून चहा टाकायला आत आलो. चहा गाळून परत गेलो तर पलटण परातीतल्या कणकेत लोळून आलेली. हाडांवरची स्केलेटन होर्ड या तयार रंगाची ती छान पिवळट तपकिरी छटा गायब. तलवारींवर रायझा रस्ट हा रंग ड्रायब्रश करून (जवळजवळ कोरड्या ब्रशने घासून) आणलेला गंज कॅलामाइन लोशनसारखा गुलाबी झाला होता. ढालींवरचा तांब्याचा हिरवट गंज, ज्याच्यावर मी दोन रात्री घालवल्या होत्या, तो कुठे होता हे मलाच आठवून शोधावं लागलं.

तुमच्यापैकी ज्यांनी हे भोगलंय त्यांना नाव माहीत आहे: फ्रॉस्टिंग, म्हणजे व्हार्निश पांढरं पडणं. आईला नाव माहीत नव्हतं, पण रोगनिदान एका वाक्यात केलं. “पावसात पापड कुणी वाळत घालतं का रे?”

पुढच्या दोन दिवसांत जे केलं ते लाज सोडून लिहितो, म्हणजे तुम्ही तरी करणार नाही. पहिल्यांदा वाटलं, थर कमी पडला असेल. म्हणून त्याच बाल्कनीत त्याच हवेत त्याच डब्याचा आणखी एक थर मारला. पांढऱ्याचं आणखी पांढरं झालं. मग हेअर ड्रायर. ओल असेल तर उडून जाईल, असा विचार. ओल गेली असेलही, पांढरेपणा हलला नाही. उलट सात नंबरच्या सांगाड्याचा भाला जिलेबीच्या वाटेला लागला, कारण हे सगळे थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापलेले आहेत आणि बारीक रेझिन उष्णतेने मऊ पडतं. तो भाला वाचला. कपभर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवायचा, बोटांनी सरळ धरायचा आणि तसाच गार पाण्यात घालायचा. वाकड्या तलवारी, काठ्या, धनुष्यं, सगळ्यांना हाच इलाज. शनिवार-रविवारची एवढीच कमाई.

सोमवारपासून जरा डोकं लावलं. संशयित तीन: हवेतली ओल, नीट न हलवलेला डबा आणि फार जाड मारलेला थर. मॅट व्हार्निशमध्ये चमक मारण्यासाठी अतिशय बारीक पूड असते, बहुतेक वेळा सिलिकाची. ती तळाशी बसते. डबा दोन मिनिटं खडखडून हलवला नाही तर कधी नुसता द्रव बाहेर येतो, कधी पुडीचा गोळाच. ओलीचं गणित वेगळं आहे. स्प्रेमधलं द्रावण झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि दमट हवेतली वाफ त्या गार थरावर दव पडावं तशी बसते. थर वाळतो तेव्हा ते पाणी आत अडकून सूक्ष्म छिद्रं ठेवून जातं. प्रकाश त्या छिद्रांवर विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं.

औषधाच्या बाटलीबरोबर येणारी प्लास्टिकची मापं माझ्याकडे पिशवीभर आहेत. (बायकोचं मत: डॉक्टरपेक्षा मी खोकल्याची वाट जास्त बघतो.) चार मापं काळी रंगवली. पहिल्यावर बाल्कनीत, डबा न हलवता. दुसऱ्यावर बाल्कनीतच, पण डबा घड्याळ लावून दोन मिनिटं हलवून. तिसऱ्यावर तसंच हलवून, पण अगदी पातळ, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून. चौथं बेडरूममध्ये, एसी तासभर ड्राय मोडवर ठेवून, तसंच पातळ. आर्द्रता मोजायचा छोटा डिजिटल मीटर शेजारी: बाल्कनीत ८९ टक्के, खोलीत ५४.

पहिलं माप खडूसारखं. दुसरं जरा कमी. तिसरं राखाडी. चौथं काळं कुळकुळीत, मखमलीसारखं मॅट, एकही डाग नाही. म्हणजे हलवणं आणि पातळ थर यांनी फरक पडतो, पण खरी गुन्हेगार हवाच. डब्याला मी दोन दिवस शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतो. बेडरूममध्ये स्प्रे मारणं हा मात्र उपाय नव्हे. वास दुसऱ्या दिवशीपर्यंत होता, आणि तो श्वासात घेण्यासारखा नाही. मी मास्क लावून केलं आणि तरीही पुन्हा करणार नाही. घरातली परवानगीही तहहयात रद्द झाली आहे.

पण प्रश्न पुढचे चोवीस वाचवायचा नव्हता, हे चोवीस वाचवायचा होता. धुऊन पुन्हा रंगवण्याची मनाची तयारी मी जवळपास केली होती. मग एक गोष्ट नजरेला आली. चौदा नंबरच्या कवटीवर चहाचा हात लागला, आणि जिथे ओलं झालं तिथे खालचा रंग जसाच्या तसा दिसला. वाळल्यावर पुन्हा पांढरा. म्हणजे रंग मेलेला नाही, झाकलेला आहे. ती छिद्रं कशानेतरी भरली की प्रकाश सरळ आत जातो. पाणी भरलं तर उडून जातं, मग न उडणारं काहीतरी हवं.

तेलाची युक्ती जुनी आहे, परदेशातले रंगवणारे ऑलिव्ह तेल वापरतात. माझ्याकडे जवसाचं होतं, तैलरंगांसाठी आणलेलं. कापसाच्या काडीने एका बरगडीवर घासलं आणि माझा विश्वास बसेना: हाड परत आलं, भेगेतल्या वॉशसकट (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग). पण रात्रभर ठेवूनही बोटाला चिकट लागत होतं, आणि या हवेत त्यावर धूळ बसून सांगाड्यांना केस उगवले असते. म्हणून दोघांना सोडून बाकी सगळ्यांवर ब्रशने व्हॅलेहो कंपनीचं ग्लॉस (चमकदार) व्हार्निश, दोन पातळ हात. त्यानेही तेच काम केलं, नव्वद टक्के पांढरं गेलं. आता पलटण तुपात तळून काढल्यासारखी चमकत होती, आणि बरगड्यांच्या खाचांत, डोळ्यांच्या खोबणीत, जिथे स्प्रे साचला होता, तिथे पांढरे ठिपके शिल्लक. दुरून दात घासताना पेस्ट सांडल्यासारखे.

इथे मला सुचलं ते मी आधी ठरवून केलं असतं तर स्वतःला हुशार म्हटलं असतं. ऑइल वॉश मी दोन वर्षं टाळत आलोय, कारण त्याला आधी ग्लॉसचा थर लागतो आणि तेवढा धीर मला नाही. इथे ग्लॉस लागलेलाच होता. शिवाय खाचांत नेमकं तेलच हवं होतं! कॅमलिनच्या बर्न्ट अंबरची ट्यूब घरात होती. (दांडेकरांनी सुरू केलेली ही कंपनी १९३१ पासूनची, माझ्या पिढीने पहिला रंग यांच्याच पेटीतून सांडला.) वाटाण्याएवढा रंग, बिनवासाचं टर्पेंटाइन, दुधाच्या चहाइतकं पातळ. टोक खाचेला टेकवलं की केशाकर्षणाने वॉश स्वतःच पळत जातो, तुम्ही नुसतं बघायचं. अर्ध्या तासाने मेकअपच्या स्पंजने वरची हाडं पुसून घेतली. खाचांतले पांढरे ठिपके तेल पिऊन गेले आणि वर तपकिरी सावली बसली. नुल्न ऑइल या तयार वॉशने येते त्यापेक्षा मऊ, आणि पाण्याच्या वॉशसारखे वाळल्यावर कडेला डाग नाहीत.

वाळायला किती वेळ लागेल ही भीती होती. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. त्यामुळे डब्यात सिलिका जेल घालून झाकण लावून ठेवणं व्यर्थ, मोकळी हवाच हवी. अंबर निवडलं ते यासाठीही: खऱ्या अंबरच्या मातीत मँगनीज असतं आणि ते तेलाला लवकर वाळवतं. तिसऱ्या रात्री बोटाला काही लागलं नाही. मग व्हॅलेहोच्या मेका रेंजमधलं मॅट, ब्रशने, बाटली मरेस्तोवर हलवून. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत सांगाडे एकेक करून विझत गेले. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे: ग्लॉसची चमक जाऊन मॅट उतरताना सगळ्या छटा एकदम जागच्या जागी बसतात, त्या मिनिटासाठी मी हा छंद करतो.

खरं सांगू? आधीपेक्षा चांगले दिसतायत. हे कबूल करताना जीव तुटतो.

बाकीचं थोडक्यात. कॉलेजात असताना जाड प्रायमर (रंगाआधीचा थर) थापलेला धातूचा ओगर (दांडगा राक्षस) डेटॉलमध्ये बुडवला होता, एक दिवस, जॅमच्या बरणीत. रंग सालीसारखा निघाला. एकच काळजी घ्या: सुटलेला रंग अंगावर असताना नळाखाली धरू नका, पाणी लागताच त्याचा च्युइंगमसारखा लगदा होतो. आधी डेटॉलमध्येच जुन्या टूथब्रशने घासा, हातमोजे घालून, मग भांड्यांचा लिक्विड साबण, पाणी सगळ्यात शेवटी. शेजारच्या काकू विचारून गेल्या, कुणाला लागलंय का.

मामेभावाने अमेरिकेतल्या एडिसनहून आणलेल्या रीपर कंपनीच्या बोन्स मिनी अजून तशाच आहेत. २०१२ च्या त्या पहिल्या किकस्टार्टर या ऑनलाइन वर्गणीतल्या, ज्यात ३४ लाख डॉलर जमले होते आणि जगभरातले ढीग एका झटक्यात डोंगर झाले. हे मऊ प्लास्टिक आहे, त्यावर काही स्प्रे प्रायमर महिनोन्महिने चिकटच राहतात. त्यांना ब्रशनेच प्रायमर, घाई नाही.

पुतळ्यांच्या पायाखालच्या बेससाठी यंदा विकतचं टेक्स्चर पेस्ट बंद. गावाहून दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेली लाल माती गच्चीवर गोणीत पडून आहे. चहाच्या गाळणीने चाळली, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरली, आणि कोकणातल्या जांभ्यावर उभे असल्यासारखे सांगाडे दिसायला लागले. लहानपणी कुंभाराकडच्या मातीच्या मावळ्यांना मिशा काढायचो, तेव्हा ट्रिपल झिरो नंबरचा बारीक ब्रश वगैरे काही नव्हता, उदबत्तीची काडी होती. पुतणीने आत्ताच नोंदणी केली आहे की या वर्षी किल्ल्याच्या पायथ्याशी शत्रू म्हणून सांगाडे पाहिजेत. देईन, पण आळीव उगवायला तिथे पाणी शिंपडतात, त्यामुळे मॅटवर आणखी एक हात.

योजना इथेच बदलतेय, लिहिता लिहिता. बावीस सांगाडे पूर्ण केले, दोन मुद्दाम तसेच ठेवले होते, तुलनेला. काल रात्री दिव्याखाली ते दोघे बघत बसलो. खांद्यांवर, कवटीच्या माथ्यावर बसलेला तो पांढरा थर… हे खरंच गोठलेलं दंव आहे. हातानं रंगवलं असतं तर असं जमलं नसतं, इतकं बारीक आणि इतकं बेशिस्त. खाचांत फिका निळा ग्लेझ (पारदर्शक पातळ थर) दिला, डोळ्यांत एक ठिपका, आणि बर्फाखालच्या थडग्यातून उठलेले दोन पहारेकरी तयार झाले. आता पुढचा ओगर, त्याचा झेंडेकरी आणि भुतांचा राजा असा सगळा हिवाळी संच डोक्यात आहे. आणि त्यासाठी मला खराब व्हार्निश हवंय. दमट हवा हवीय. स्प्रेचं काम आता वाळवणाच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्येच, असं परवाच भिंतीवर चिकटवलं होतं. तो कागद काढला.

म्हणजे गौरी-गणपतीच्या आत ओगरचा बेसकोट उरकायला हवा, पाऊस संपला की माझं दंव गेलं. मापांवर पुन्हा चाचणी लावली आहे. वरून एकदाच फवारा, म्हणजे दंव खांद्यावर बसेल, पोटाखाली नाही. पहिल्या मापावर जमलं. दुसऱ्यावर जास्त झालं. आज बाल्कनीत ९१ टक्के आहे, तिसरं माप बाहेर ठेवून आलोय.

ज्याच्या प्रिंटरवर सांगाडे निघाले त्या मित्राला दोन पहारेकऱ्यांचा फोटो पाठवला. त्याने उत्तरादाखल आठ बर्फाळ लांडगे छापून आणून दिले, सपोर्टसकट (छापताना आधार देणाऱ्या काड्या), न धुतलेले, पिशवीत अजून चिकट.

ढीग: १२७.