तुम्ही विचारलंत म्हणून: भूऔष्णिक शोधाला दहा-दहा वर्षं का लागतात?

जमिनीखाली उष्णता आहेच, तेलवाले त्याच मुलखात भराभर विहिरी पाडतात, मग अमेरिकेत सरकारी जमिनीवर भूऔष्णिक वीज यायला सात-दहा वर्षं का लागतात? आणि परवान्याचे नियम सैल केले तर काम खरंच लवकर होईल का? हा प्रश्न वरचेवर येतो.

होईल, आणि व्हायलाच हवं. आजवर खडकापेक्षा कागदानेच जास्त वेळ खाल्ला आहे. नेवाडा, युटा या राज्यांत बहुतेक जमीन केंद्र सरकारची, आणि तिचा मोठा भाग ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट सांभाळतं. तिथे एकाच जागेची पर्यावरण तपासणी भाडेपट्टा देताना होते, शोधाच्या वेळी होते, खोल विहिरीला होते, वीजकेंद्राला पुन्हा होते. मोजत गेलं तर सहा वेळांपर्यंत. तेल-वायूच्या छोट्या खोदकामाला २००५ च्या ऊर्जा कायद्याने यातून सूट दिली, भूऔष्णिकला दिली नाही. एप्रिल २०२४ मध्ये ब्युरोने वनखातं आणि नौदल यांच्या तपासणीतल्या सवलती स्वतःकडेही लागू केल्या. जानेवारी २०२५ मध्ये स्वतःची सूट आणली: एकूण २० एकरांपर्यंतच जमीन उकरली जाणार असेल, तर जमिनीखालचा गरम पाण्याचा साठा पडताळणाऱ्या विहिरींना सविस्तर तपासणी लागत नाही.

हे का महत्त्वाचं, ते शोधाची रीत पाहिली की कळतं. आपल्या कोकणात उन्हवऱ्याला, तुरळला गरम पाणी स्वतःच वर येऊन पत्ता सांगतं. नेवाड्यात बरेच साठे झाकलेले आहेत. वर ना झरा, ना वाफ. म्हणून आधी दोन मीटर लांबीचा पोकळ स्टीलचा रॉड जमिनीत ठोकतात, आत तापमापक सोडतात आणि तासभर थांबून आकडा घेतात. असे रॉड ओळीने ठोकत गेलं की आजूबाजूपेक्षा काही अंशांनी गरम पट्टा सापडतो.

त्या पट्ट्यात मग १५०-३०० मीटरचे बारीक बोअर मारतात. प्रत्येकात बूड बंद केलेला पाइप उतरवून पाण्याने भरतात आणि पाइपाबाहेरची फट सिमेंट-बेंटोनाइटने खालपासून वरपर्यंत बुजवतात. ही फट नीट बुजली नाही तर एका थरातलं पाणी दुसऱ्यात शिरतं, आणि मोजलं जातं ते त्या पाण्याचं तापमान, खडकाचं नाही. खोदाईने बिघडलेलं तापमान जागेवर यायला काही आठवडे द्यावे लागतात. इथे घाई केली की बोअर फुकट.

आकडा आला तरी हुरळून जाऊ नये. चिकणमातीत दर किलोमीटरला ६० अंश वाढ दिसली आणि ग्रॅनाइटमध्ये २६, तर मातीचा बोअर सरस वाटतो. पण मातीची उष्णतावाहकता १.२ आणि ग्रॅनाइटची २.८ धरून गुणाकार करा: दोन्हीकडे उष्णतेचा ओघ दर चौरस मीटरला ७२-७३ मिलिवॉटच येतो. माती फक्त पांघरुणासारखी उष्णता अडवते. उथळ बोअरची रेघ सरळ खाली ओढून ‘दोन किलोमीटरवर २०० अंश’ असं लिहिणारे अहवाल म्हणूनच फसतात. मध्ये गार भूजल वाहत असलं तर ती रेघ वाकते.

शेवटचा निकाल खोल विहिरीतून पाणी वर काढल्यावरच लागतो. शोधाच्या साध्या नोटिशीवर बोअर मारता येतो, पण साठ्याची थेट चाचणी घेता येत नाही. तिला भाडेपट्टा आणि खोदाईचा वेगळा परवाना लागतो. सर्वांत जास्त पैसा अडकतो तोही इथेच. २०२५ ची सूट नेमकी या टप्प्यावर उपयोगी पडते. तरी सेज ग्राउस पक्ष्याच्या विणीचा वसंतातला काळ टाळावा लागतो, पुरातत्त्व पाहणी करावी लागते. कागद चार महिने उशिरा हलला तर हंगाम हुकून अख्खं वर्ष जातं.

एका बाबतीत मात्र घाई नको. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने (ब्युरो याच खात्याखाली येतं) ऊर्जा प्रकल्पांसाठी तातडीची पद्धत आणली. तिच्यात प्राथमिक पर्यावरण तपासणी १४ दिवसांत उरकायची आहे. पण झऱ्याचा स्वभाव १४ दिवसांत कळत नाही. नेवाड्यातल्या डिक्सी मेडोजच्या वीजप्रकल्पाला नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. तिथले गरम झरे फॅलन पायूट-शोशोनी जमातीला पवित्र आहेत, आणि त्या पाणथळीतला डिक्सी व्हॅली टोड जगात दुसरीकडे कुठेही नाही. प्रकरण कोर्टात गेलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्या बेडकाला तातडीने धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. प्रकल्प अडकला.

त्यामुळे अर्ज करण्याच्या किमान वर्षभर आधी झऱ्यात लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी ठेवणारं यंत्र, बसवावा: दर १५ मिनिटांनी पातळी आणि तापमान, तिमाहीला क्लोराइड आणि सिलिका. शेजारी हवेचा दाब मोजणारा दुसरा लॉगर हवाच, नाहीतर वादळात हवेचा दाब उतरला तरी पाणी घटल्यासारखं दिसतं. पुढे चाचणीत पाणी उपसल्यावर झरा घटला, तर तो विहिरीने घटला की दुष्काळाने, हे ठरवायला या नोंदींइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो.