मला कंस मिळाले होते

कॉलेजात नाटक बसवायचं ठरलं तेव्हा वाचनाला सगळ्यांना रोल मिळाले आणि मला कंस मिळाले. म्हणजे जो रोज तालमीला टपकतो पण ज्याला काम द्यायची कोणाची हिंमत होत नाही त्याच्या हातात स्क्रिप्ट देतात आणि सांगतात, तू कंसातलं वाच. "उठते." "दाराकडे जातो." "क्षणभर शांतता." मी इतक्या सपाट आवाजात वाचायचो की डायरेक्टर एकदा ओरडला, अरे प्लॅटफॉर्म नंबर पण सांगून टाक!

नाटक होतं तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९६७ सालचं. त्यात एक हौशी नाटकमंडळी गंमत म्हणून खोटंखोटं कोर्ट भरवते आणि आपल्यातल्याच बेणारे बाईंना आरोपी करते. तोवर मी नाटकं वाचायचो ती कंस गाळून, जशी जेवताना कढीपत्त्याची पानं बाजूला काढतात तशी. इथे वाचावेच लागले, आणि मग लक्षात आलं की बोलताना माणसं बऱ्यापैकी थापा मारतात, कंसात सापडतात.

म्हणजे बघा ना, सुरुवातीलाच बेणारे बाईंचं बोट दाराच्या कडीत दुखावतं आणि त्या ते तोंडाशी धरतात, लहान पोरीसारखं. इतकी हजरजबाबी बाई, शाळेत शिकवणारी, सगळ्यांची टिंगल करणारी, पण तिची आपली पहिली खरी ओळख त्या दुखऱ्या बोटाची. आणि तीच कडी पुढे बाईंना बाहेर पडायचं असतं तेव्हा नडते. काशीकर तिकडे न्यायाधीश होऊन मातृत्व वगैरे मोठमोठं बोलतात आणि मधूनमधून कान कोरतात. बस्स, त्या माणसाबद्दल मला अजून काही सांगायची गरज नाही. (कान कोरणारे न्यायनिवाडे करणारे काका आमच्या नात्यातही आहेत, असो.)

हे काही फक्त आपल्याकडचं नाही म्हणा. नॉर्वेच्या इब्सेनच्या १८७९ मधल्या 'अ डॉल्स हाऊस'मध्ये नोरा येते ती खिशातून मॅकरून काढून खाते आणि मग हळूच नवऱ्याच्या दाराला कान लावते. नवरा खाऊ देत नाही हे कळायच्या आधीच त्या घरातलं सगळं राजकारण कळून जातं, तेही एका बिस्किटावर!

पण मला खरा झटका बसला तो तिसऱ्या अंकात. कोर्ट बेणारे बाईंना बोलायला दहा सेकंद देतं. त्या गप्प. मग कंसात प्रकाश बदलतो, बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि बाई बोलायला लागतात, पानंच्या पानं, सगळं आयुष्य. ते संपल्यावर कोर्टात जाहीर होतं की वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाहीये. म्हणजे कोर्टाच्या हिशोबी ती बाई एक अक्षर बोललीच नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागे जाऊन परत कंस वाचला, डायरेक्टर म्हणाला पुढे चल रे.

शेवटी सामंत. नाटकभर तो बिचारा साधा, कोणीही काहीही सांगावं आणि त्याने करावं असा. त्याला बाईंची समजूत काढता येत नाही, शब्दच नाहीत त्याच्याकडे, म्हणून तो एक हिरवा कापडी पोपट लांबूनच त्यांच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. सगळ्या नाटकात एवढं एकच माणसासारखं वागणं आणि त्याला डायलॉग नाही! त्यानंतर बाई किंचित हलतात, परत निपचित होतात आणि कुठूनतरी त्यांच्याच आवाजात गाणं ऐकू येतं.

आमची बेणारे झालेली मुलगी टेबलावर डोकं ठेवून पडल्या पडल्या मला विचारायची, किंचित म्हणजे किती रे? मी स्क्रिप्ट परत बघायचो. तिथे नुसतं किंचितच होतं. मग ती रोज वेगळं हलायची, कधी खांदा, कधी नुसती बोटं, आणि मी कंस वाचून झाल्यावरही तिच्याकडेच बघत बसायचो, पुढचं वाचायला काही उरलेलं नसायचंच.