खिसा की बॅग

शुक्रवार, रात्री उशिरा

आज त्या चरसच्या केसमध्ये हवालदारांचा उलटतपास झाला. नावगाव लिहीत नाही, पोरगा २२ वर्षांचा आहे एवढंच. पोलिसांचं म्हणणं, बातमी मिळाली, सापळा लावला, दोन पंच सोबत घेतले आणि ह्याच्या पँटच्या खिशात १४० ग्रॅम चरस सापडलं. १०० ग्रॅमपर्यंत असतं तर अल्प प्रमाणात बसलं असतं, फार तर एक वर्ष. वरच्या ४० ग्रॅमने तेच दहा वर्षांपर्यंत गेलंय.

आम्ही पोराच्या बाजूचे वकील, आमचा सगळा भर एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम ५० वर. अंगझडती घ्यायची तर आधी माणसाला सांगायचं की बाबा, जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. १९९९ ला बलदेव सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी हे सांगून झालेलं, तरी नंतर काही निकालांत ‘साधारण पाळलं ना, मग पुरे’ असा सूर लागला, म्हणून २०१० ला विजयसिंह जडेजा केसमध्ये परत पाच जण बसले आणि म्हणाले साधारण-बिधारण नाही, काटेकोर पाहिजे.

आता झडतीआधी हा हक्क सांगितल्याचं पोलिसांचं जे पत्र आमच्या फाईलमध्ये आहे ते बघा. नाव, तारीख, वेळ पेनाने भरलेली, बाकी सगळं आधीच टाईप केलेलं, पोराचं उत्तरसुद्धा! ‘मला कोणाची गरज नाही, तुम्हीच झडती घ्या.’ खाली सही. सरांनी, म्हणजे माझ्या सीनियर वकिलांनी, शांतपणे विचारलं, तुम्ही त्याला नेमकं काय म्हणालात? हवालदार म्हणाले, “विचारलं की आमच्या साहेबांसमोर झडती दिलेली चालेल का, साहेब राजपत्रितच आहेत.” साहेब म्हणजे छाप्याला सोबत आलेलेच! हक्क हा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही. २०१४ च्या परमानंद केसमध्ये असाच छाप्यातल्याच अधिकाऱ्याचा तिसरा पर्याय पुढे केला होता आणि तो सुप्रीम कोर्टाला चालला नव्हता. मी खाली मान घालून लिहीत राहिले, चेहऱ्यावर दिसू नये म्हणून.

बाहेर आल्यावर पोराच्या आईने हात धरला. “ताई, खिशात नव्हतंच ओ ते, मित्राची बॅग होती, ह्याने नुसती धरलेली. तुम्ही ते का सांगत नाही जजसाहेबांना?”

काय सांगणार. २००५ च्या पवनकुमार निकालापासून बॅग म्हणजे अंग नव्हे, बॅगेत सापडलं म्हटलं की कलम ५० चा प्रश्नच मिटतो. वर बॅग ह्याच्या हातात होती हे आपणच कबूल केलं तर आत काय होतं हे माहीत नव्हतं ते ह्यानेच सिद्ध करत बसायचं, कायदा तसं गृहीतच धरतो. म्हणजे मावशी सांगतात ते खरं असलं तरी पोराला ते बुडवणार आणि पोलिसांच्या कहाणीत मात्र सुटायला फट आहे. सरांना याचं काही वाटत नाही, ते म्हणतात खिसा त्यांनी लिहिलाय ना, मग खिशाचे नियम पाळले का एवढंच आपण विचारायचं. बरोबर आहे, पण माझ्या डोक्यातून मावशी जात नाहीयेत.

जेवताना भाऊ म्हणाला, टेक्निकल पॉइंटवर सोडवता तुम्ही लोक. अरे पण फिर्यादी पोलिस, पकडणारे पोलिस, वजन करणारे पोलिस, पंच त्यांनीच आणलेले, त्यातून ते टेक्निकल काढून टाक आणि सांग, पोराकडे बाकी काय राहतं? तो म्हणाला आमटी वाढ.

पुढच्या तारखेला पंच आहेत. सॅम्पल जागेवरच काढलं, मॅजिस्ट्रेटसमोर नाही, तो कलम ५२अ चा मुद्दा सरांनी माझ्यावर सोपवलाय, त्यासाठी २०१६ चा मोहनलाल निकाल परत वाचायचाय. मावशींना उद्या ऑफिसला बोलावलंय, बॅगेचं नीट समजवावं लागेल, नाहीतर त्या स्वतः साक्ष द्यायचा हट्ट सोडायच्या नाहीत.