तुम्ही विचारलंत म्हणून: आकडे आडवे का नाही भरले?

आर ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारं कुणी ना कुणी हे विचारतंच: १ ते ६ या वेक्टरचा, म्हणजे आकड्यांच्या रांगेचा, दोन ओळींचा मॅट्रिक्स (ओळी-कॉलमांचा तक्ता) केला, मग पहिल्या ओळीत १, २, ३ यायचे सोडून १, ३, ५ कसे आले?

आर वरून खाली भरतं म्हणून. पहिल्या कॉलमात १ आणि २, दुसऱ्यात ३ आणि ४, तिसऱ्यात ५ आणि ६. ही फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेची रीत. मॅट्रिक्सची जड गणितं आर ज्या लॅपॅक या गणिती लायब्ररीकडे सोपवतं, ती फोरट्रानमध्येच लिहिलेली आहे. पायथॉन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी नमपाय वेगळं सांगितल्याशिवाय आडवंच भरते, त्यामुळे तिकडून आलेल्यांची पंचाईत जरा जास्त होते.

मेमरीत मात्र ना ओळी असतात ना कॉलम. सहा आकडे एकामागोमाग एक, बस्स. त्या वेक्टरला 'डिम' (ओळी किती, कॉलम किती) म्हणून २, ३ लावलं की मॅट्रिक्स तयार, आणि एकही आकडा जागचा हलत नाही. दुसऱ्या ओळीतला तिसऱ्या कॉलमातला आकडा हवा? आधीच्या दोन कॉलमांचे चार सोडायचे, पुढचा दुसरा घ्यायचा, म्हणजे सहावा.

आडवंच हवं असेल तर मॅट्रिक्स बनवताना 'बायरो' (ओळीने भरा) हा पर्याय ट्रू करा. पण त्याने फक्त भरण्याचा क्रम बदलतो, साठवण उभीच राहते. आता ओळी दिसतात १, २, ३ आणि ४, ५, ६. तरी ओळ-कॉलम न सांगता या मॅट्रिक्सचा नुसता दुसरा घटक मागितलात तर २ नाही, ४ हाती येतो. इथे भलेभले चकतात.

मला विचाराल तर उभ्या-आडव्यापेक्षा घातक गोष्ट वेगळीच आहे. दोन ओळी, तीन कॉलम सांगा आणि आकडे तीनच द्या: १, २, ३. मॅट्रिक्स फंक्शन तेच आकडे पुन्हा वापरून १, ३, २ आणि २, १, ३ अशा ओळी बनवतं. सहाला तीनने भाग जातो, म्हणून साधी वॉर्निंगसुद्धा येत नाही, आणि दिसायला सगळं ठाकठीक! चार आकडे दिले असते तर निदान कुरकुर तरी केली असती. 'डिम' असले लाड करत नाही. ओळी-कॉलमांचा गुणाकार वेक्टरच्या लांबीशी जुळला नाही की सरळ एरर. डेटा फाइलमधून येत असेल आणि आकडे मोजून पाहिलेले नसतील, तेव्हा मी 'डिम'च लावते.