पक काही दिसत नाही

मला पक दिसत नाही. टोरोंटोच्या आसपास बावीस वर्षं काढल्यावर हे लिहायला आज पहिल्यांदा हात धजावतोय. कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा सोसत नाही म्हणावं, तशातली गत. पक म्हणजे आइस हॉकीतला चेंडूच: पांढऱ्याशुभ्र बर्फावर काळी कुळकुळीत रबराची चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड, उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेली. दिसायला काय हरकत आहे? पण नाही दिसत. मी माणसांचे हात बघतो. ज्यांचे हात वर गेले, त्यांचा गोल. मग रिप्ले लागला की, जरा उशिरा, "वा, काय मारलाय!" म्हणतो. आजवर कुणाला संशय आलेला नाही.

1996 साली अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीनं माझ्यासारख्यांची दया येऊन पकात यंत्र बसवलं होतं म्हणे. टीव्हीवर पकाभोवती निळसर उजेड दिसायचा आणि जोरात मारला की मागे लाल शेपूट. कॅनडातल्या लोकांना तो खेळाचा अपमान वाटला. दोन-तीन मोसमांत ते प्रकरण बंद पडलं. आमच्या शेजारचे म्हातारबुवा त्याचं नाव निघालं तरी अजून तोंड वाकडं करतात. त्यांना सोबत म्हणून मीही करतो. मनात मात्र येतं, ती शेपूट परत आणा रे कुणीतरी.

तर असा मी, आणि गेल्या शनिवारी दुपारी टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानात बसून टेबलावर हात आपटून सांगत होतो, की हॉकीत ग्रेट्स्की वगैरे ठीक आहे, पण बॉबी ऑरची सर कुणाला यायची नाही.

हात आपटल्यामुळे कॉफी सांडली. ती कागदानं टिपता टिपता लक्षात आलं, की ऑर 1978 साली निवृत्त झाला तेव्हा मी सांगलीत बालवाडीत होतो आणि बर्फ म्हणजे गोळ्याचा, एवढंच मला ठाऊक होतं. मग हे मत माझ्यात शिरलं कुठून?

शिरलं अर्थातच समोरच्या खुर्चीतून. म्हातारबुवांचं वय अठ्ठ्याहत्तर. संघ टोरोंटोचा, लीफ्स, जन्मापासून. पण खेळाडू ऑर, आणि तो खेळला बॉस्टनकडून. हे कसं काय, असं मी सुरुवातीला विचारायचो. ते म्हणायचे, देऊळ आपलं आपल्या गल्लीतलं, पण देव कुठलाही चालतो. (शब्द त्यांचे असे नव्हते, चर्चबिर्च काहीतरी होतं. मी घरी येताना त्याचं मराठी करून आणलं.) ऑरचं काम आपला गोल राखायचं. बचावपटूच तो. पण पठ्ठ्यानं दोन मोसमांत सबंध लीगमध्ये सर्वांत जास्त गुण (मारलेले आणि करून दिलेले गोल मिळून) काढले. दुसऱ्या कुठल्या बचावपटूला हे एकदाही जमलेलं नाही. पुढे गुडघे गेले. शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया झाल्या. 657 सामने खेळून तिशीत खेळ संपला. "गुडघे टिकले असते तर," असं म्हणून म्हातारबुवा थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. सांगवत नाही.

त्यांचा नातू अधूनमधून येऊन बसतो. त्याच्याकडे फोन असतो आणि फोनमध्ये आकडे. ग्रेट्स्कीचे गोल 894 आणि दुसऱ्याला करून दिलेले 1963. म्हणजे त्याचे स्वतःचे सगळे गोल पुसून टाकले तरी एकूण गुणांत तोच पहिला राहतो, ही गंमत मला त्या पोरानंच सांगितली. 6 एप्रिल 2025 ला वॉशिंग्टनच्या ओव्हेच्किननं 895 वा गोल मारला, तेव्हा नातवाला वाटलं आजोबा आता तरी काही बोलतील. आजोबा म्हणाले, "सामना कोण जिंकलं?" वॉशिंग्टन 4-1 असं हरलं होतं. "मग?" संपला विषय.

ग्रेट्स्कीबद्दल त्यांना राग आहे आणि त्या रागाला तारीख आहे. 27 मे 1993. लॉस एंजेलिसमध्ये ग्रेट्स्कीच्या संघाशी सहावा सामना, मालिकेत लीफ्स 3-2 असे पुढे. जादा वेळेत ग्रेट्स्कीची काठी लीफ्सच्या गिल्मरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं, आणि पंचांनी काही शिक्षा दिली नाही. थोड्याच वेळात गोल कुणी मारला, तर ग्रेट्स्कीनंच. दोन दिवसांनी टोरोंटोत येऊन त्यानं तीन गोल केले आणि लीफ्स घरी बसले. म्हणजे घरीच होते, पण बसले. हे सगळं मला इतकं पाठ आहे, की परवा मी ते एका नव्या आलेल्या मराठी मुलाला सांगितलं तेव्हा रक्ताचा थेंब कुठे पडला तेही सांगितलं. मी तेव्हा वालचंद कॉलेजच्या आवारात सायकलची चेन बसवत होतो.

आता आजोबा. माझे, सांगलीचे.

त्यांचा देव क्रिकेटपटू विजय हजारे. कारण एकच. हजारे सांगलीचे. आजोबांनी त्यांना बॅट हातात धरलेलं एकदाही पाहिलं नव्हतं, जे काही होतं ते वाचनालयातल्या वर्तमानपत्रातून. पण संध्याकाळी आमच्या गावभागातल्या घराच्या पायरीवर ते जो 1943 चा पंचरंगी (धर्मावार संघांच्या स्पर्धेतला) सामना खेळायचे, तो मुंबईच्या ब्रेबॉर्नवर हजर असलेल्यांनीही इतका नीट पाहिला नसेल. समोर वकीलकाका. ते मुंबईला शिकलेले, त्यामुळे विजय मर्चंटचे. हिंदू संघाच्या 581 धावा, त्यात मर्चंट नाबाद 250. मग हजारेंच्या, म्हणजे 'इतर' या संघाचा फॉलोऑन, आणि हजारे. "387 मध्ये 309!" आजोबा पायरीवर काठी आपटायचे. "अरे, 387 मध्ये 309! भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा राहिला, 300 ची भागी झाली, त्यात त्याच्या धावा किती? 21!" वकीलकाका शांतपणे सुपारी कातरत विचारायचे, "पण डावानं हरले ना?"

इथे आजी चहा घेऊन यायची. दर वेळी इथेच. तिला टायमिंग कळत होतं, क्रिकेट नव्हे. "तो हजारे रॉकेलच्या रांगेत उभा राहायला येणार आहे का उद्या?" असं विचारून ती आत जायची. दोघं बशीत चहा ओतायचे आणि पाच मिनिटं शांतता.

अशाच एका शांततेत मी म्हणालो, "आणि गावसकर?"

चूक झाली. आठ-नऊ वर्षांचा होतो. दोन्ही बशा एकदम खाली आल्या. गेली तीस वर्षं ज्यांचं एकमत झालं नव्हतं ते दोघे खांद्याला खांदा लावून माझ्यावर तुटून पडले. उघड्या, पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर खेळून दाखव म्हणावं त्याला! वकीलकाकांनी हजारेंच्या ॲडलेडच्या दोन शतकांचा दाखला दिला. ब्रॅडमनच्या संघासमोर, 116 आणि 145. वकीलकाकांनी! आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता मिठीच मारतात.

शनिवारी नेमकं हेच झालं. नातू म्हणाला, ग्रेट्स्कीच्या वेळचे गोलकीपर लहानसर पॅड बांधून उभे असायचे, आज मॅकडेव्हिडच्या वेगापुढे तो दिसलाही नसता. आणि म्हातारबुवा, बत्तीस वर्षं ज्या माणसाचं नाव दातांखाली धरून बसले होते, ते ग्रेट्स्कीच्या बाजूनं उभे राहिले. अक्षरशः उभे राहिले. वेग म्हणजे काय रे, त्याला पक कुठे येणार ते आधी कळायचं! तुझा मॅकडेव्हिड 2024 मध्ये अंतिम फेरीत हरला, 2025 मध्ये हरला! यावरून मला एक मोठा विचार सुचला होता. पण तेवढ्यात पोरगं उठून आणखी टिमबिट्स, म्हणजे डोनटचे छोटे गोळे, आणायला गेलं आणि तो विचारही त्याच्याबरोबर गेला.

नातू काउंटरवर असताना म्हातारबुवांनी एक गोष्ट सांगितली. स्टॅन्ली कपवर, म्हणजे लीगच्या विजेत्याच्या करंडकावर, जिंकणाऱ्या खेळाडूंची नावं कोरतात. खालच्या नळकांड्यावर पाच पट्ट्या, एकेका पट्टीवर तेरा विजेते. शेवटची भरली की सगळ्यांत वरची काढतात, इतर खाली सरकवून वर... नाही, उलट. वर सरकवून खाली नवी बसवतात. काढलेली पट्टी योंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या जुन्या बँकेच्या इमारतीत, हॉकीच्या संग्रहालयात ठेवतात. 2018 मध्ये 1965 पर्यंतची पट्टी निघाली. गॉर्डी हाव गेला, रिशार गेला, लीफ्सचे 62, 63, 64 गेले. आता सगळ्यांत वर जी आहे, तिच्यावर लीफ्सचं 1967. त्यानंतर लीफ्स जिंकलेलेच नाहीत.

"सगळ्यांत खालची भरायला आणखी किती वर्षं?" मी विचारलं.

"2030 चं नाव कोरलं की जागा संपते," ते म्हणाले. हिशोब त्यांनी आधीच केलेला होता.

त्या 67 च्या संघात एक बचावपटू होता. पुढे 1974 मध्ये तो रात्री बफेलोला परत जाताना गाडीच्या अपघातात गेला. त्याचं नाव टिम हॉर्टन. म्हातारबुवा ते नाव छापलेला कागदी कप बोटांनी गोल गोल फिरवत होते. सांडलेल्या कॉफीचा डाग अजून टेबलावर होता. मी तो पुन्हा पुसला.

"2025 चा सातवा सामना पाहिलास ना तू?" त्यांनी विचारलं. फ्लोरिडाशी, घरच्या रिंकवर, लीफ्स 6-1 असे हरले तो.

"पाहिला की."

"मीही पाहिला." बराच वेळ कप फिरवून ते म्हणाले, "हल्ली पक दिसत नाही मला. डोळे गेले. तू सांगू नकोस पोराला."

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण पोरगं टिमबिट्सचा खोका घेऊन समोर आलं, आणि मी म्हणालो, "डोळे एकदा तपासून घ्या."